आधी घार पाठ करा: माळावरचे शिकारी पक्षी कसे शोधावेत आणि कसे ओळखावेत

प्रश्न थोडक्यात असा आहे: शेतातून, माळावरून फिरताना आकाशात मोठे पक्षी घिरट्या घालताना दिसतात, खांबांवर बसलेले दिसतात. पुस्तक उघडावं तर सगळे तपकिरी आणि सगळ्यांच्या चोची वाकड्या. यातली घार कुठली, गरुड कुठला, ससाणा कुठला हे ओळखायचं कसं? आणि हे पक्षी हमखास दिसावेत म्हणून कुठे नि कधी बघायचं?

आधी ओळखण्याचं बघू, कारण बहुतेकांचं घोडं तिथेच अडतं.

पुस्तक थोडे दिवस मिटून ठेवा आणि फक्त घार बघा. कंटाळा येईपर्यंत बघा. बसलेली, उडणारी, पावसात भिजलेली, कावळ्यांनी पिटाळलेली, ऊन पाठीमागे असताना काळी ठिक्कर दिसणारी, दूर क्षितिजावर नुसता ठिपका झालेली. जाणकार माणूस लांबच्या ठिपक्याकडे बघून "ही घार नव्हे" असं चटकन म्हणतो, त्यात जादू काही नसते. घार त्याच्या डोळ्यांत इतकी मुरलेली असते की जरा वेगळं काही आलं की खटकतं. घार ही आपली मोजपट्टी. ती हातात नसेल तर बाकीची सगळी मापं हवेत राहतात.

घारीत नेमकं काय बघायचं? पहिली शेपूट. मिटलेली असताना तिच्या टोकाला मधे खाच दिसते. पण घिरट्या घालताना शेपूट पसरली की ही खाच जवळजवळ नाहीशी होते आणि कड सरळ दिसते. नवखे लोक इथेच घारीला गरुड करून टाकतात. दुसरं, घार शेपूट सतत डावीउजवीकडे पिळत असते. घिरट्या घालणारा पक्षी काही क्षण बघा, शेपूट अशी वळवळत असेल तर बहुतेक वेळा निकाल लागला. तिसरं, पंख मनगटाशी (पंखाच्या मधल्या सांध्याशी) वाकलेले आणि तरंगताना किंचित खाली झुकलेले असतात, वर उचललेले नसतात. आकार साधारण साठ सेंटिमीटर, पंखांचा पसारा सव्वा ते दीड मीटर. हिवाळ्यात उत्तरेकडून येणाऱ्या घारी जरा मोठ्या असतात आणि त्यांच्या पंखांखाली टोकाजवळ मोठा फिकट डाग दिसतो. त्यांना "नवीन गरुड" म्हणून नोंदवणारे दर हिवाळ्यात भेटतात.

घार पक्की झाली की प्रत्येक नव्या पक्ष्याला तिच्याशेजारी मनातल्या मनात उभं करा. हा घारीपेक्षा मोठा की लहान? पंख जास्त रुंद की जास्त टोकदार? शेपूट लांब की आखूड? डोकं पुढे किती आलंय? तरंगताना पंख सपाट, खाली, की वर उचललेले? पंख किती वेळा मारतो आणि मधे किती तरंगतो? रंगाचा प्रश्न सगळ्यात शेवटी. हे मी मुद्दाम ठासून सांगतो, कारण रंग हा शिकारी पक्ष्यांच्या बाबतीत सगळ्यात बेभरवशाचा साक्षीदार आहे. ढगाळ आकाशावर कुठलाही पक्षी काळा दिसतो. लाल मातीच्या माळावरून उडताना पोटावर तांबूस उजेड पडतो. पिल्लू वेगळं, दोन वर्षांचा पक्षी वेगळा, प्रौढ वेगळा. काही जातींत एकाच वयाचे पक्षीसुद्धा गडद तपकिरीपासून जवळजवळ पांढऱ्यापर्यंत असतात. त्यात मादी नराहून मोठी असते, हा या पक्ष्यांचा नेहमीचा नियम. शिक्र्यासारख्या जातीत हा फरक सहज डोळ्यांत भरतो.

आकारावरून ढोबळ घराणी अशी पडतात. ससाण्यांचे पंख टोकदार, शेपूट लांबट, उडणं झपाट्याचं. शिक्रा आणि त्याच्या भाऊबंदांचे पंख आखूड नि गोलसर, शेपूट लांब, कारण त्यांना फांद्यांमधून वळणं घेत शिकार करायची असते. चारपाच वेळा भरभर पंख मारायचे आणि मग तरंगायचं, ही त्यांची चाल. भोवत्ये (इंग्रजीत हॅरियर) लांब पंखांचे, लांब शेपटीचे, सडसडीत. ते गवतावरून अगदी खालून, पंख वर उचलून उथळ "व्ही" करत डुलत जातात. गरुडांचे पंख फळीसारखे रुंद, टोकाची पिसं बोटांसारखी सुटी, पंख मारणं संथ आणि जड. गिधाड त्याहून मोठं, डोकं इतकं लहान नि आत ओढलेलं की उडताना मुंडकं नसल्यासारखं वाटतं, आणि शेपूट आखूड.

आकाराचा अंदाज मात्र एकट्या पक्ष्यावरून कधीच करू नका. रिकाम्या आकाशात जवळचा शिक्रा आणि लांबचा गरुड यांत डोळा सहज फसतो. थांबा, कावळा येईलच. कावळ्यांना शिकारी पक्षी दिसला की राहवत नाही. तो शेजारी आला की माप मिळालं. कावळ्याएवढाच असेल तर तिसा किंवा तत्सम काही, कावळा निम्मा दिसत असेल तर गरुडाचा विचार करा, कावळ्याहून लहान असेल तर शिक्रा, कापशी किंवा छोटा ससाणा.

आता जागा. शेतशिवारात हे पक्षी शोधायला सुरुवात आकाशापासून करू नये, असं माझं मत आहे. विजेचे खांब, तारा, एकट्या बाभळी, वाळलेले शेंडे, विहिरीवरचे कठडे, शेताच्या कडेचे दगडांचे ढीग, हे आधी बघा. रस्ता जात असेल तर प्रत्येक खांबाच्या टोकावरून नजर फिरवायची सवय लावून घ्या. खांबाची ठेवण ठरलेली असते, त्यावरचा जादा गोळा लगेच कळतो. थंडीच्या सकाळी पक्षी उन्हाच्या बाजूला बसतात आणि अंग शेकतात. दुपारी तेच पक्षी दाट झाडाच्या आत सावलीला जातात आणि समोर असून दिसत नाहीत.

खांबावर बसलेला, कावळ्याहून लहान, राखाडी-पांढरा आणि खांद्यावर काळा ठळक डाग असलेला पक्षी म्हणजे कापशी. डोळे लालभडक. बसल्या बसल्या शेपूट वर-खाली करायची त्याला खोड आहे. शेतातले उंदीर हे त्याचं मुख्य अन्न, त्यामुळे शेतकऱ्याच्या दृष्टीने याच्याइतका कामाचा पक्षी विरळा. शिकार शोधताना तो हवेत एका जागी पंख मारत थांबतो, मग पंख वर करून पायऱ्या उतरल्यासारखा टप्प्याटप्प्याने खाली येतो. बाजूच्या खांबावर तपकिरी, ताठ बसलेला, गळा पांढरा आणि त्यावर मधोमध काळी रेघ असा पक्षी असेल तर तो तिसा. जवळून पाहिला तर डोळे पांढरट. गळ्याची रेघ मात्र त्याहून लांबून कळते. उडाला की खालून जातो, शेपूट तांबूस दिसते, पंखावर वरच्या बाजूने फिकट पट्टा दिसतो आणि पुढच्या खांबाजवळ पोचल्यावर एकदम वर झेप घेऊन बसतो. तिसा माळाचा अगदी सामान्य पक्षी आहे, तरी कितीतरी जण त्याला वर्षानुवर्षं "कसलीशी घार" म्हणून सोडून देतात.

हवेत एका जागी थांबणारे पक्षी ओळखायला सगळ्यात सोपे, कारण ही कसरत फार थोड्यांना जमते. कापशी झालाच. दुसरी खरुची, म्हणजे केस्ट्रेल हा छोटा ससाणा. ती हिवाळ्यात माळ, डोंगरउतार, कडे यांवर दिसते. वाऱ्याकडे तोंड करून, शेपूट पंख्यासारखी पसरून ती तरंगते. पंख हलतात, शरीर हलतं, डोकं मात्र जागचं हलत नाही. नराचं डोकं नि शेपूट राखाडी, पाठ विटकरी. मादी सगळी तपकिरी आणि आडव्या पट्ट्यांची. तिसरा सापमार गरुड. एवढा मोठा पक्षी असा एका जागी फडफडताना पाहिला की पहिल्यांदा विश्वास बसत नाही. खालून फिकट, बऱ्याचदा छातीपर्यंत तपकिरी बुरखा, घुबडासारखं मोठं गोल डोकं, पिवळे डोळे, आणि पंखाच्या मनगटाशी गडद डाग नाही. कधी कधी त्याच्या चोचीतून सापाचं शेपूट लोंबताना दिसतं. साप तो उडता उडताच गिळत असतो. पाण्यावर असं थांबणारा काळा-पांढरा पक्षी दिसला तर तो कवड्या खंड्या, त्याला या यादीत घुसवू नका.

भोवत्ये बघायचे तर गवत हवं. सप्टेंबर-ऑक्टोबरपासून मार्च-एप्रिलपर्यंत ते इकडे असतात. माँटेग्यूचा आणि पांढुरका हे दोघे माळावर, दलदली भोवत्या पाणथळीवर. भिगवणला उजनीच्या फुगवट्यावर दलदली भोवत्या पाण्यावरून खालून गेला की बदकांचे थवेच्या थवे उठतात; आधी थवा उठताना दिसतो, मग तो का उठला ते शोधायचं. माळावरच्या दोघांचे नर वेगळे करणं अवघड नाही. दोघंही राखाडी, पण माँटेग्यूच्या पंखावर वरून एक काळी आडवी रेघ असते आणि पोटावर तांबूस रेघोट्या. पांढुरका त्याहून फिकट, रेघ नाही, पंखाच्या टोकाला फक्त काळी अरुंद पाचर. माद्या आणि पिल्लं मात्र दोन्हीकडची तपकिरी, दोघींच्या शेपटीच्या मुळाशी पांढरा पट्टा, आणि फरक चेहऱ्याच्या नि मानेच्या बारीक खुणांचा. पहिल्या हिवाळ्यात या भानगडीत पडू नका. "भोवत्या, मादी किंवा पिल्लू" एवढी नोंद पुष्कळ झाली, तीही खरी असते. संध्याकाळी हे पक्षी दूरदूरून येऊन गवतात जमिनीवर एकत्र रात्र काढतात. गुजरातमधलं वेळावदर यासाठी जगभर प्रसिद्ध आहे, तिथे ते शेकड्यांनी उतरतात. आपल्याकडच्या एखाद्या शिल्लक राहिलेल्या कुरणावर पाचदहा उतरले तरी बघण्यासारखं असतं. पण रात्रीच्या त्या जागेत पायी शिरू नका; एकदा उठवलेला पक्षी अंधारात दुसरी जागा शोधत फिरतो.

वेळेचं गणित हवेवर आहे. सकाळी जमीन थंड असते, वर जाणारी गरम हवा नसते, म्हणून मोठे पक्षी बसून असतात. हीच बसलेले पक्षी शोधण्याची वेळ: उजाडल्यापासून साधारण नऊपर्यंत. मग काळी नांगरलेली शेतं, उघडे खडक, डांबरी रस्ते तापतात आणि त्यांवरून गरम हवेचे खांब वर चढू लागतात. पहिल्यांदा घारी उठतात, कारण अंगाच्या मानाने त्यांचे पंख मोठे. जड पक्ष्यांना हवा आणखी तापावी लागते, म्हणून गरुड आणि गिधाडं मागाहून. हिवाळ्यात दहा ते बारा ही वेळ सगळ्यात चांगली: पक्षी हवेत आलेले असतात आणि अजून हाताशी येतील एवढ्या उंचीवर असतात. दुपारी ते इतके वर जातात की दुर्बिणीतही ठिपकेच उरतात. घारींचा एक घोळका चक्राकार वर चढताना दिसला तर तो पूर्ण चाळा. एकाच गरम झोतावर घारी, तिसा, मोहोळ घार, एखादा गरुड असे सगळे एकत्र चढतात, आणि वेगळा कोण हे घारींमुळेच कळतं.

निरभ्र निळं आकाश बघायला छान वाटतं पण पक्षी शोधायला वाईट. नजरेला टेकायला काही नसतं, डोळे नकळत जवळच कुठेतरी स्थिरावतात आणि लांबचा पक्षी निसटतो. पांढरे ढग असले की ढगांच्या कडांवरून दुर्बीण फिरवा, ठिपके लगेच उठून दिसतात. क्षितिजाच्या थोडं वर, एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत सावकाश एक पट्टी चाळायची; मग दुर्बीण थोडी वर उचलून परत दुसरी पट्टी. त्याआधी लांबच्या एखाद्या झाडावर फोकस करून ठेवा. दुर्बीण ८×४२ (आठ पट मोठं दाखवणारी, पुढचं भिंग ४२ मिलिमीटरचं) घ्यावी असं मी सांगेन. १०×४२ मध्ये पक्षी मोठा दिसतो खरा, पण दृश्य अरुंद होतं, हात थरथरतो, आणि झपाट्याने जाणारा ससाणा पकडता येत नाही.

तुमच्या डोळ्यांपेक्षा इतर पक्ष्यांचे डोळे कितीतरी सरस आहेत, त्यांचा उपयोग करून घ्या. पण त्यांची भाषा सरसकट एक नाही. टिटवी कुत्र्यालाही ओरडते, माणसालाही ओरडते. तिच्या एकटीच्या आरड्यावर फार विसंबू नका. कोतवाल घारीच्या पाठीला चिकटून तिला हाकलतो, तो त्याचा रोजचा उद्योग आहे, त्यात घबराट नसते. खरी घबराट वेगळी. झाडाखाली कलकल करणारे सातभाई एकदम कर्कश ओरडून दाटीत घुसले आणि पाठोपाठ खारीचा खणखणीत चिर्र चिर्र सुरू झाला, तर बहुतेक वेळा शिक्रा जवळ आहे. आवाजाच्या दिशेने बघू नका, सातभाई ज्या दिशेने बघतात तिकडे बघा. पारवे एकदम सगळे उठले, भिंगऱ्या तीक्ष्ण आवाज काढत वर वर चढू लागल्या, साळुंक्यांचा विखुरलेला थवा घट्ट गोळा झाला, तर वर बघा: ससाणा असतो. आणि कधी कधी खूण म्हणजे आवाज बंद होणं. चंडोल गात होते आणि सगळे एकदम गप्प बसले, की मी जागेवर थांबून आकाश चाळतो.

शिक्र्याबद्दल जरा जास्त सांगायला हवं, कारण गावात, शेतात, वाडीत सगळीकडे असूनही तो लोकांना दिसत नाही. पारव्याएवढा पक्षी, वरून राखाडी, खालून पांढऱ्यावर तांबूस आडव्या रेघा, गळ्यावर मधोमध एक पुसट राखाडी रेघ. नराचे डोळे लाल, मादीचे पिवळे-नारिंगी. पिल्लू तपकिरी आणि छातीवर उभे ठिपके. तो उघड्यावर फार वेळ बसत नाही, दाट झाडाच्या आतल्या फांदीवर दबा धरून असतो आणि सरडा, उंदीर, लहान पक्षी यांच्यावर झडप घालतो. त्याच्याबाबत दोन फसवणुकी लक्षात ठेवा. एक, कोतवाल त्याच्या आवाजाची हुबेहूब नक्कल करतो, म्हणून नुसत्या आवाजावर नोंद करू नका. दुसरी मोठी: पावशा. तोच, जो पावसाच्या तोंडावर "पेर्ते व्हा" म्हणून ओरडत असतो. अंगावरच्या रेघा, राखाडी पाठ, शेपटीवरचे पट्टे, उडण्याची ढब, सगळं शिक्र्यासारखं. लहान पक्षीसुद्धा फसतात आणि त्याच्यावर धावून जातात. चोच बघा: पावशाची सरळ, फार तर टोकाला जराशी झुकलेली, शिक्र्याची मुळापासून वाकलेली. बसण्याची तऱ्हाही वेगळी, शिक्रा ताठ, पावशा आडवा.

मोहोळ घारीने मात्र भल्याभल्यांना पाणी पाजलंय. नावात घार, पण घारीशी जवळचं नातं नाही. मधमाश्यांच्या पोळ्यांतल्या अळ्या हे तिचं अन्न. डोळ्यांभोवतीची पिसं खवल्यांसारखी बारीक नि घट्ट, डंखांपासून संरक्षण म्हणून. रंगाने ती काहीही असू शकते: काळपट, तांबूस, पांढरट, पट्ट्यांची, ठिपक्यांची. तिला ओळखायचं मानेवरून आणि डोक्यावरून. लांब मान आणि पारव्यासारखं लहान डोकं पुढे काढलेलं. तरंगताना पंख सपाट. रंगावरून ओळखू नका असं वर म्हटलं, त्याचं हे सगळ्यात मोठं कारण. आमराईवर, नदीकाठच्या झाडीवर अनोळखी गरुडासारखं काही तरंगताना दिसलं तर आधी मोहोळ घार नाही ना याची खात्री करा.

डोंगराच्या कडेला, झाडी असलेल्या खोऱ्यात तुरेवाला सर्पगरुड. हा बहुधा आधी ऐकू येतो. सकाळी उशिरा घिरट्या घालता घालता लांब शिट्ट्या मारतो. खालून बघितलं की पंखाच्या मागच्या कडेजवळ रुंद पांढरा पट्टा, शेपटीतही तसाच. चूक होऊच शकत नाही, इतकी स्पष्ट खूण. बूटेड ईगल हिवाळ्यात माळावर येतो, घारीएवढाच असतो आणि घारींतच मिसळून तरंगतो, म्हणून हमखास निसटतो. फिकट रंगाचा पक्षी असेल तर खालून पांढरा नि पंखांची मागची बाजू काळी, सोपं आहे. गडद पक्षी मात्र घारीसारखाच दिसतो. तो समोरून तुमच्याकडे येत असताना पंख अंगाला जुळतात तिथे दोन पांढरे ठिपके दिसतात का बघा, आणि शेपटीला खाच नाही हे बघा.

मोठे तपकिरी गरुड हा प्रकरणाचा अवघड भाग, आणि मी तो थोडक्यात आटोपतो, कारण लिहून शिकवता येत नाही. माळावर वर्षभर दिसणारा पिंगट गरुड आणि हिवाळ्यात येणारा स्टेप गरुड यांत एक चांगली खूण म्हणजे तोंडाची कड, चोचीच्या कोपऱ्यातून मागे जाणारी पिवळी रेघ. स्टेप गरुडात ती डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंत जाते, पिंगट गरुडात डोळ्याच्या मध्यापर्यंतच. कोवळ्या स्टेप गरुडाच्या पंखाखाली मधोमध लांब पांढरा पट्टा असतो, तो लांबूनही दिसतो. दोघांनाही मेलेलं जनावर चालतं. राजस्थानात बिकानेरजवळ जोडबीडला जनावरं टाकण्याच्या जागेवर स्टेप गरुड शेकड्यांनी जमतात. म्हणजे गरुड फक्त उंच कड्यावर, ताज्या शिकारीवर जगतो ही कल्पना डोक्यातून काढून टाका. उकिरडा, मेलेल्या जनावरांची जागा, कोंबड्यांच्या शेडमागचा खड्डा, इथे नाक धरून उभं राहायची तयारी असेल तर चांगले पक्षी दिसतात.

या जागांवर पूर्वी गिधाडं असत. वयस्कर माणसं सांगतात त्या मोठाल्या थव्यांची आठवण खरीच आहे. भारतातली पांढऱ्या पाठीची गिधाडं १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटली. जनावरांना दिलेलं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक मेलेल्या जनावरातून गिधाडाच्या पोटात जायचं आणि त्याचं मूत्रपिंड निकामी व्हायचं. २००६ साली जनावरांसाठी या औषधावर बंदी आली, २०२३ साली केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफेनॅक यांवरही आली. मेलॉक्सिकॅम हा गिधाडांना सुरक्षित असलेला पर्याय आहे. तुमच्याकडे गुरं असतील तर जनावरांच्या डॉक्टरांना तेच वापरायला सांगा. आज माळावर एखादं गिधाड दिसलंच तर ते पांढरं, म्हणजे इजिप्शियन गिधाड असण्याची शक्यता जास्त: प्रौढ पक्षी पांढरा, पंखांची मागची बाजू काळी, चेहरा पिवळा, शेपूट पाचरीसारखी. पिल्लू पूर्ण गडद तपकिरी असतं आणि त्याला लोक गरुड समजतात. त्यालाही शेपटीच्या पाचरीवरूनच पकडायचं.

ससाण्यांत बहिरी ससाण्याचं नाव सगळ्यांना माहीत असतं, झडप घालताना ताशी तीनशे किलोमीटरच्या वर वेग. आपल्याकडे कायम राहणारा त्याचा भाऊ म्हणजे शाहीन, पोटाशी तांबूस, डोक्यावर काळा टोप. कडे आणि उंच किल्ले ही त्याची जागा. माळावर मला त्याहून तुरमती प्रिय आहे. लहानसा, विटकरी डोक्याचा, राखाडी पाठीचा ससाणा. जोडीने शिकार करतो: एक जण लहान पक्ष्यांना उठवतो, दुसरा गाठतो. पहाट आणि संध्याकाळ या त्याच्या वेळा, आणि कावळ्याचं जुनं घरटं त्याला चालतं. कमी होत चाललेला पक्षी आहे, दिसला तर नोंद जरूर ठेवा. लग्गड ससाण्याचंही तेच. पूर्वी सुक्या माळावर नेहमी दिसणारा, आता शोधावा लागतो.

नोव्हेंबरात आकाशावर विशेष लक्ष ठेवा, कारण अमूर ससाणे याच सुमारास देशावरून जातात. पूर्व आशियातून निघून, ईशान्य भारतात थांबून, अरबी समुद्र न थांबता ओलांडून ते आफ्रिकेच्या दक्षिण भागात हिवाळा काढतात. २०१२ साली नागालँडमध्ये दोयांग जलाशयाजवळ हे पक्षी फार मोठ्या संख्येने जाळ्यात धरले जात असल्याचं उघड झालं, आणि पुढच्याच वर्षी तिथल्या गावकऱ्यांनी शिकार थांबवली. आपल्या आकाशात ते थव्याने, उडते कीटक पकडत जातात. नर काळपट राखाडी, पाय नारिंगी-लाल, आणि पंखाखालचा पुढचा भाग पांढरा. वर बघताना ही पांढरी अस्तराची पट्टी शोधा. पहिल्या पावसानंतर वाळवीचे पंखवाले किडे जमिनीतून उठतात तेव्हाही अशीच गर्दी होते, पण तेव्हा ती घारींची, शिक्र्यांची. नांगरट चालू असताना ट्रॅक्टरमागे आणि गवत कापणीच्या वेळी कापणाऱ्यांभोवती हेच घडतं, उंदीर, सरडे, टोळ उघडे पडतात. अशा वेळी बांधावर बसून राहिलात तर चालण्याची गरज नाही.

पक्षी नसतानाही तो इथे होता हे कळतं. दगडाखाली किंवा खांबाखाली पांढरे ओघळ बघा. त्यात केस, पिसं, किड्यांच्या पाठी यांचे लहान वळे सापडतात. पचत नाही ते पक्षी तोंडातून असं बाहेर टाकतो. वळ्यात उंदराची पूर्ण हाडं आणि कवट्या असतील तर तो घुबडाचा, कारण शिकरे आणि ससाणे यांच्या पोटात हाडं बरीचशी विरघळतात. पिसांचा सडा पडला असेल तर पिसाचं मूळ तपासा: अखंड असेल तर पक्ष्याने उपटलंय, चावून तोडलेलं असेल तर मांजर किंवा मुंगूस.

जवळ जाण्याबाबत एकच सांगतो. बसलेल्या पक्ष्याकडे सरळ चालत जाऊ नका. तिरकं जा, मधे थांबा, गाडीत असाल तर गाडीतच बसून राहा. पक्षी अंग ताठ करून पुढे झुकला, डोकं वर-खाली करू लागला किंवा त्याने विष्ठा टाकली, तर तो उडण्याच्या बेतात आहे. त्याआधीच थांबायला हवं होतं. घरट्याजवळ अजिबात नको, फोटोसाठी तर नकोच. तुमच्या मागून कावळे येतात आणि पालक उठले की अंडी किंवा पिल्लं त्यांच्या हाती लागतात. या पक्ष्यांना आणि त्यांच्या घरट्यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे, हेही लक्षात असू द्या. उंदीर बांधून शिकारी पक्ष्याला बोलावून काढलेला फोटो मला बघायलासुद्धा आवडत नाही.

फोटो काढायचाच असेल तर आकाशावरच्या पक्ष्यासाठी कॅमेऱ्यातला उजेड (एक्स्पोजर) एक पायरी वाढवा, नाहीतर खालच्या सगळ्या खुणा काळ्यात बुडतात. खालून, बाजूने आणि वळताना पाठीचा असे वेगवेगळे फोटो घ्या. एकच सुंदर फोटो ओळखायला फारसा कामाचा नसतो. आणि पक्षी समोर असताना कॅमेऱ्याच्या पडद्यात डोकं घालून बसू नका. तो जाईपर्यंत त्यालाच बघा.

पुढच्या वेळी एखाद्या पक्ष्याबद्दल विचाराल तेव्हा फोटोसोबत एवढं लिहा: तारीख, वेळ, कसली जागा (माळ, शेत, पाण्याकाठ, डोंगरकडा), घारीपेक्षा मोठा की लहान, तरंगताना पंख कसे होते, आणि तो करत काय होता. रंग लिहिला नाहीत तरी चालेल.